डबीतलं साधं क्रीम

"अरे वा, छान आहे की त्वचा," डॉक्टर म्हणाली आणि तिचा चेहरा पडला. कोपरांच्या आतली बाजू, मान, गुडघ्यांमागचे खळगे, पाठ, सगळं तिनं दिव्याखाली धरून पाहिलं होतं. प्रत्येक ठिकाणी ती एक आकडा बोलायची आणि सिस्टर तो कॉम्प्युटरमध्ये टाकायची. आकडे लहान निघत होते. जे शब्द ऐकण्यासाठी मी लहानपणापासून जीव टाकला असता, ते मला अखेर मिळाले, आणि मिळाले ते नेमके जगातल्या अशा एकाच खोलीत जिथे ते मला नको होते. कारण ही इसबावरच्या नव्या औषधाची चाचणी होती. चाचणीची अट अशी की आधीची सगळी मलमं महिनाभर बंद ठेवायची, त्यांनी दिलेलं साधं, बिनऔषधाचं क्रीम तेवढं लावायचं, आणि महिन्यानंतर रोग ठरावीक पातळीपर्यंत वर आलेला दिसला पाहिजे. तो वर आला तरच इंजेक्शन. माझा वर आला नव्हता. "तुमचा आकडा बसत नाहीये," डॉक्टर म्हणाली. वयानं माझ्यापेक्षा बरीच लहान, बोलायला गोड. "मधे काही लावलं होतं का?" नाही म्हटलं. "चुकून? घरात पडलेलं एखादं जुनं मलम?" नाही म्हटलं ना. "नाही, काय होतं ना, खाज सहन होत नाही, मग लोक थोडंसं लावतात आणि आम्हाला सांगत नाहीत. आम्ही रागवत नाही हं." सिस्टरनं मान वर न करता काहीतरी टाइप केलं. त्या 'हं'नं माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मला खोटारडी म्हणायचं आणि वर समजूतही घालायची! मी बाह्या खाली ओढल्या, बटणं लावली, चुकीच्या काजात लावली, पुन्हा सोडली, पुन्हा लावली, आणि तोवर त्या दोघी अतिशय सभ्यपणे दुसरीकडे बघत राहिल्या.

बाहेर रस्त्यावर ऊन होतं आणि माणसं अर्ध्या बाह्यांत फिरत होती. मला अर्ध्या बाह्यांच्या माणसांचा पहिल्यापासून राग आहे. ते कुठेही टेकतात, कशालाही दंड लावतात, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकतात, आणि त्यांना कातडी आहे हे त्यांच्या लक्षातही नसतं. मला ते क्षणभरही विसरता आलेलं नाही. कापड कोणतं, साबण कुठला, पाणी किती गरम, खुर्चीचं कव्हर कशाचं, शेजारी बसलेल्या बाईनं सेंट कुठलं मारलंय, या सगळ्याचा हिशेब ठेवत जगायचं आणि वर लोकांचे उपाय ऐकायचे. आत्या म्हणायची पोटात उष्णता आहे. मावशी म्हणायची मनात काहीतरी साठलंय, बोलून टाक. मी बोलून टाकलं असतं तर मावशी घाबरून पळाली असती. एक माणूस माझ्याबरोबर तीन वर्षं राहिला. चांगला होता. रोज सकाळी उठला की चादर उचलून बाल्कनीत जायचा आणि झटकायचा, एक अक्षर न बोलता, चेहऱ्यावर काही न दाखवता. त्या चादरीतून माझा कोंडा उडायचा. तो कधीच तक्रार करायचा नाही, आणि मी आत दात घासत उभी राहून त्या फटफट आवाजाची वाट बघायचे. तो गेला तेव्हा मला पहिल्यांदा कशापासून सुटका वाटली असेल, तर त्या आवाजापासून.

पण या महिन्यात काहीतरी वेगळं झालं होतं, आणि ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. पहिल्या आठवड्यात अंग पेटलं. मलम बंद केल्यावर ते पेटणारच होतं, तसं सांगितलंच होतं. मानेवर लाल पट्टे उठले, कोपरं ओली झाली, कपडा चिकटायचा आणि काढताना सोलायचा. आणि मला त्यात एक रानटी आनंद होत होता. ये, कातडीला म्हणत होते मी, ये एकदाची बाहेर, किती वर्षं तुला दाबून ठेवलंय, आता ये आणि या लोकांना दाखव कशी आहेस ती. दुकानात मी पहिल्यांदा बाह्या दुमडल्या. मी चष्म्याच्या दुकानात काम करते, गिऱ्हाइकाच्या कानामागे काडी बसवते, नाकावर फ्रेम टेकवते, म्हणजे माझी बोटं सगळा दिवस परक्या माणसांच्या डोळ्यांपाशी. मालक म्हणाले, "बाई, जरा काउंटरच्या मागेच बसा काही दिवस," तर मी म्हटलं, "नाही बसणार." आणि मग दुसऱ्या आठवड्यात सगळं विझायला लागलं. आपोआप. खपल्या पडल्या, लाली फिकटली, मी आरशात बघायचे आणि मला कळेना की हसावं की रडावं. ज्या एका महिन्यात मला हा रोग हवा होता, त्याच महिन्यात तो शहाण्या मुलासारखा वागत होता. नशीब म्हणतात ते हेच, असं मी मनाशी म्हटलं होतं. नशिबावर मी किती पटकन विश्वास ठेवला, याचा मला आता सगळ्यात जास्त राग येतो.

घरी आले तर बाबा नव्हते, फेरी मारायला गेले होते. आई गेल्यापासून आम्ही दोघंच असतो. बाबांचं औषधांचं दुकान होतं. ते विकलं, पण दुकानातली एक वस्तू त्यांनी घरी आणली, ती म्हणजे मलम घोटायची जाड काच आणि तिच्यासोबतची लवचिक पात्याची सुरी. तयार ट्यूबा यायच्या आधी औषधवाले मलमं स्वतः घोटायचे. बाबांनी ते कधीच सोडलं नाही, निदान माझ्यासाठी सोडलं नाही. माझं मलम ते स्वतः करायचे. काचेवर पांढरा गोळा, त्यात औषधाची चिमूट, आणि मग ते पातं आठच्या आकड्यासारखं फिरवत राहायचं, इतकं की बोटाला कण लागता कामा नये. मग डबीत भरायचं, वरून पात्यानं सपाट करायचं आणि काठ फडक्यानं पुसायचा. दुकानात कुणी अंगाची तक्रार घेऊन आलं, की ते मला आतून हाक मारायचे. मी दप्तर टाकून बाहेर यायचे. "हात दाखव गं," म्हणायचे. मी हात पुढे करायचे. "ही माझी मुलगी. हिला जन्मापासून इसब आहे. आता सांगा, काही दिसतंय का?" गिऱ्हाईक माझे हात धरून बघायचं, उलटे करायचं, म्हणायचं खरंच की हो, आणि मलम घेऊन जायचं. ज्या दिवशी दिसत असायचं, त्या दिवशी बाबा मला मागच्या दारानं घरी पाठवायचे. हे मी कधी विसरले नाही, पण त्याचा राग यायला मला चाळिशी गाठावी लागली. मोठमोठ्या डॉक्टरांनी सांगितलं की या मलमातलं स्टेरॉइड इतकी वर्षं लावायचं नसतं, त्यानं कातडी झिजते. माझ्या कोपरांच्या आतली कातडी आता कांद्याच्या सालीइतकी पातळ आहे, आतल्या शिरा दिसतात. बाबा त्या डॉक्टरांना मान डोलवायचे आणि घरी येऊन काच पुसायला घ्यायचे.

बाथरूममधली क्रीमची डबी संपत आली होती. चाचणीवाल्यांनी दोन दिल्या होत्या. आता तिचा उपयोग काय, पण कोरडं अंग काही चाचणीसाठी थांबत नाही, म्हणून मी कपाटातून दुसरी काढली. ही मी कधीच उघडली नव्हती. झाकण फिरवलं तर ते सहज फिरलं. आतला चांदीचा कागद कडेनं कापलेला होता, नीट, एका रेषेत, आणि परत जागेवर दाबून बसवलेला. तो उचलला. कारखान्यातून आलेल्या क्रीमला वर एक शेंडा असतो, नळीतून ओतल्याचा. इथे शेंडा नव्हता. क्रीम सपाट होतं, टेबलासारखं सपाट, आणि डबीचा काठ पुसलेला होता. मी तशीच उभी राहिले. मला काही शोधायचं नव्हतं, वास घ्यायचा नव्हता, चाखून बघायचं नव्हतं. जगात असा काठ पुसणारा एकच माणूस होता.

ते आले, चपला काढल्या, पाणी प्यायले, पेपर घेऊन खुर्चीत बसले. मी डबी त्यांच्या पेपरवर ठेवली.

"यात काय घातलंत?"

त्यांनी डबीकडे पाहिलं. मग पेपराची घडी घातली, डबी न सांडता. "अगदी सौम्य आहे," ते म्हणाले. "तान्ह्या बाळाला चालेल इतकं. तुझ्या नेहमीच्याच्या चौथाईसुद्धा नाही."

नाकारलं असतं तर मी कदाचित कमी चिडले असते. पण त्यांनी मला प्रमाण सांगितलं!

"मला विचारलंत?"

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"हो, म्हणाले असते!"

"मग?" ते म्हणाले, जणू सगळा हिशेब जुळला.

"बाबा, त्यांनी मला बाहेर काढलं. मला खोटारडी ठरवलं. ती काल शाळेतून सुटलेली पोरगी मला म्हणते, आम्ही रागवत नाही हं!"

"बरंच झालं. निम्म्या लोकांना नुसतं पाणी टोचणार आहेत ते. चाचणीच्या कागदात तूच दाखवलंस ना मला? सगळं अंग सोलून घेऊन जायचं आणि पाणी टोचून घ्यायचं? त्या दिवशी तू दाराच्या चौकटीला पाठ घासत उभी होतीस. जनावरासारखी. मला बघवलं नाही."

"मग नव्हतं बघायचं!"

"एवढी वर्षं माझ्या मलमानं तुझं काय अडलं होतं?" त्यांचा आवाज आता चढला. "कुणाला कळलं तरी का कधी?"

"तेच तर," मी म्हणाले. "कुणाला कळलं नाही. तुलासुद्धा कळलं नाही."

बाबांना मी जन्मात कधी अरे-तुरे केलं नव्हतं. ते दोघांनाही ऐकू आलं. मी दोन्ही डब्या कचऱ्यात टाकल्या, काच उचलली, ती फोडायची असं ठरवून उचलली, आणि ती इतकी जड होती की मी ती फोडू शकले नाही, कपाटावर ढकलून दिली. याचाही मला रागच आला. धड तमाशाही करता येत नाही आपल्याला.

दुसऱ्या दिवशी दुकानातून मी डॉक्टरला फोन केला. घडलं ते सांगितलं. तिनं ते मला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं, आणि त्यावरून मला कळलं की तिचा अजूनही माझ्यावर विश्वास बसलेला नाही. वडिलांनी गुपचूप औषध मिसळलं, ही गोष्ट मी बनवून सांगितली तरी अशीच वाटेल. शेवटी म्हणाली की एकदा पुन्हा चाचणीत घेता येतं, पुन्हा महिनाभर सगळं बंद, पण अट मोडल्याची नोंद माझ्या नावावर पडली आहे. "ज्यांनी मिसळलं त्यांनी स्वतः येऊन सांगितलं, तर मी वरिष्ठांना विचारू शकेन." मी ते बाबांना जेवताना सांगितलं. "मी येणार नाही," बाबा म्हणाले. "चाळीस वर्षं काउंटरवर उभा राहिलोय. माझ्या हातून कधी चुकीची बाटली गेली नाही. त्या पोराटोरांपुढे हात जोडून उभा राहू?" मी म्हटलं, "गेली की. घरातच गेली." ते ताटावरून उठले. मी जेवत राहिले. पोटभर जेवले. कुणी रागानं उठून गेलं की आमच्या घरात दुसऱ्यानं मनवायला जायचं, हा नियम मी त्या दिवशी मोडला.

तो महिना कसा गेला हे सांगायला मला शब्द शोधावे लागत नाहीत, ते सगळे अंगावर होते. डॉक्टरकडून आणलेली नवी डबी मी दुकानात कुलपात ठेवायचे, दुकानातच लावायचे आणि घरी कोरडी यायचे. आधी मान गेली, मग पाठ, मग पापण्या. पापण्या सुजल्या की माणूस रडून आल्यासारखा दिसतो, त्यामुळे गिऱ्हाइकं माझ्याशी एकदम प्रेमानं वागायला लागली. एका आजोबांनी तर चष्मा घालून मला नीट बघितलं आणि म्हणाले, "सोडून दे बाई त्याला." मला हसू फुटलं, आणि हसताना ओठाच्या कडेला चीर पडली. दिवस सरतो कसाबसा, पण अंथरुणाला पाठ टेकली की खाज सुरू होते, आणि तिच्याबद्दल एक गोष्ट कुणीच खरी सांगत नाही. खाजवताना सुख होतं. इतकं सुख की त्यापुढे दुसरं काही सुचत नाही, डोळे मिटतात, जीभ टाळ्याला लागते, आणि मग नखांना ओल लागते आणि लाज वाटते. लहानपणापासून मला सगळ्यांनी नको नको म्हटलं, आणि त्यात किती मजा येते हे कुणी एकदाही विचारलं नाही. सकाळी चादरीवर रक्ताचे बारीक ठिपके असायचे. चादर मी स्वतः धुवायचे. बाबा त्या महिन्यात जास्तच फिरायला लागले. मी कामावरून येऊन बाह्या वर करण्याच्या आधी त्यांनी चपला घातलेल्या असायच्या. जेवायला यायचे तेव्हा माझ्या ताटाकडे बघायचे, भिंतीकडे बघायचे, आणि "डाळ चांगली झालीय" असं काहीतरी म्हणायचे. ज्याला माझ्या अंगाचा एक तसू सोडवत नव्हता, तो माणूस आता माझ्या मनगटापर्यंतसुद्धा नजर येऊ देत नव्हता. मला वाटायचं, ओरडावं त्यांच्यावर. पण ओरडायचं म्हणजे मान ताणावी लागते.

तारखेच्या दिवशी सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून बाहेरच्या खोलीत बसलेले होते. मी पर्स उचलली तेव्हा उठले. "चल," एवढंच म्हणाले. बसमध्ये आम्ही शेजारी बसलो आणि त्यांनी आपला दंड माझ्या दंडापासून काळजीपूर्वक दूर धरला होता. मला धक्का लागू नये म्हणून, की त्यांना माझी कातडी जाणवू नये म्हणून, ते मी विचारलं नाही.

डॉक्टरनं त्यांना खुर्ची दिली, पण त्यांनी ती घेतली नाही. उभ्या उभ्या सांगितलं, तोंडी परीक्षेला बसल्यासारखं. कुठलं औषध, किती प्रमाण, कुठल्या दिवशी, दोन्ही डब्यांत. "तिला माहीत नव्हतं. मी तिला विचारलं नव्हतं," म्हणाले. डॉक्टर लिहीत होती. "पण तुम्ही तर स्वतः औषधवाले," ती म्हणाली, "तुम्हाला माहीत असणार की..." आणि पुढचं तिनं सौजन्यानं सोडून दिलं. बाबांचे कान लाल झाले. मी या क्षणाची महिनाभर वाट पाहिली होती. अंथरुणात तळमळताना मी तो पुन्हा पुन्हा रंगवला होता, आणि आता तो आला तर मला त्या डॉक्टरचा राग आला. माझ्या बापाला बोलायचा हक्क माझा, तुझा नाही, असं काहीतरी बेअक्कल माझ्या मनात येऊन गेलं.

मग तिनं मला पलंगावर बसायला सांगितलं. बाबा दाराकडे वळले.

"बसा," मी म्हटलं.

"ते बाहेर थांबले तरी चालेल," डॉक्टर म्हणाली.

"मला चालणार नाही."

बाबा खुर्चीत बसले. मी त्यांच्याकडे पाठ केली आणि हॉस्पिटलनं आल्याआल्या घालायला दिलेल्या झग्याच्या मागच्या गाठी स्वतः सोडल्या. कापड जिथे चिकटलं होतं तिथे ओढून काढलं, ते निघाल्याचा आवाज आला. डॉक्टरनं दिवा जवळ आणला. आकडे सुरू झाले. मोठे होते. सिस्टर एकेक टाकत होती. मी मान वळवली. ते खिडकीकडे बघत होते.

"बाबा, इकडे बघा."

त्यांनी पाहिलं. दुकानात आलेल्या हजारो माणसांची अंगं पाहिलेला माणूस, पण माझं अंग त्यांनी असं कधीच पाहिलं नव्हतं, कारण त्याआधीच त्यांनी त्याला लिंपलेलं असायचं. "असं असतं हे?" ते म्हणाले.

"असंच होतं. खाली हेच होतं."

"बसतोय आकडा," डॉक्टर म्हणाली, आणि तिचा आनंद तिला लपवता आला नाही. "वरिष्ठांना मी विचारून ठेवलंय. आज रक्त घेऊ आणि सुरू करू."

बाबा उठून उभे राहिले. "आणि हिच्या वाट्याला पाणी आलं तर?"

"ते आम्हालाही कळणार नाही, काका. शेवटपर्यंत नाही."

मला वाटलं आता ते म्हणतील, चल घरी. मी त्याच्यासाठी दातओठ आवळून तयार होते, भांडायला लागणारी सगळी वाक्यं माझ्याजवळ होती. ते माझ्यासमोर आले, पाठीकडून पुढे, आणि माझ्या सुजलेल्या पापण्यांकडे बघत म्हणाले, "तुला चालेल?"

मला रडू यायला हवं होतं. आला तो संताप. असा संताप मला त्या डबीपाशी आला नव्हता, मागच्या दारापाशी आला नव्हता. एवढंच विचारायचं होतं. काच लागत नव्हती, पातं लागत नव्हतं, औषधाची चिमूट लागत नव्हती. एवढंसं विचारायला यांना माझं सगळं अंग सोललेलं बघावं लागलं.

"चालेल!" मी इतक्या जोरात म्हणाले की सिस्टर दचकली. ती सुई घेऊन आली, माझा हात पालथा केला, उताणा केला, कोपरापाशी बोट दाबून बघितलं, मग मनगटापाशी.

"जरा चांगली जागा बघू या हं," ती म्हणाली.

"चांगली जागा नाहीये," मी म्हणाले. "टोचा कुठेही."